'भट्टी'च्या व्हिडिओतला माइक

मी माइक बोलतोय. हसू आलं तर खुशाल हसा. माइक कधी स्वतः बोलत नाही. लोक त्याच्यात बोलतात आणि शाबासकी मात्र लाउडस्पीकरला मिळते. आम्ही आपले मधल्यामध्ये. पण आज मला बोलायचंय, कारण ज्याचा आवाज मी इतकी वर्षं वाहिला, त्याला आता हे सांगता येत नाही.

माझा जन्म कारखान्यातला. केसाहून बारीक तार, कांद्याच्या पापुद्र्यासारखा पडदा आणि वर लोखंडी जाळी, एवढाच माझा देह. एका बाईने मला दोनदा टकटक करून पाहिलं, मान डोलावली आणि खोक्यात भरलं. पुढची काही वर्षं एका समारंभाच्या हॉलमध्ये गेली. तिथे मी ऐकलं काय, तर "पांढऱ्या गाडीच्या मालकांनी गाडी बाजूला घ्यावी" आणि "वक्त्यांनी आता आटोपतं घ्यावं." वक्ते काही आटोपतं घेत नसत. माणसांची गंमतच असते. माझ्यासमोर आली की आधी खोकतात, मग फुंकर मारतात, मग "ऐकू येतंय का?" असं विचारतात आणि त्यानंतर ऐकण्यासारखं काहीच बोलत नाहीत.

एकदा मी स्टेजवरून पडलो आणि माझी जाळी एका बाजूने चेपली. हॉलवाल्यांनी मला दुरुस्तीच्या दुकानात टाकलं, ते न्यायला कोणी परत आलंच नाही. तिथल्या धूळ खात पडलेल्या ढिगातून मला उचललं ते भोंग्याने.

भोंगा म्हणजे दोघा भावांतला थोरला. शाळेत असताना हा मैदानाच्या एका टोकाला ओरडला की दुसऱ्या टोकाची मुलं सुट्टी संपली असं समजून वर्गात जाऊन बसायची. तेव्हापासून घरीदारी हेच नाव पडलं. तो टायरच्या दुकानात कामाला होता. धाकटा झेरॉक्सच्या दुकानात बसायचा आणि जीव ओतून गिटार वाजवायचा. एक ड्रमवाला, एक बेसवाला आणि हे दोघे भाऊ, असा त्यांचा हेवी मेटल बँड होता.

हेवी मेटल म्हणजे काय ते मलाही ठाऊक नव्हतं. पहिल्या दिवशी भोंगा माझ्यात ओरडला तेव्हा माझी बोबडीच वळली. हा माणूस मला खातो की काय, असं वाटलं. त्याचे दात खरोखरच जाळीला लागायचे. पण गाणं संपल्यावर त्याने शर्टाच्या टोकाने मला हळूच पुसलं. त्याआधी मला कोणी कधी पुसलं नव्हतं. मी त्या क्षणी त्याचा झालो.

त्यांची आई घरी शिवणकाम करायची. आतल्या खोलीत सराव सुरू झाला की ती मशीन थांबवून विचारायची, "एवढा राग कोणावर रे?"

"राग नाही गं आई, गाणं आहे."

"मग गाण्यासारखं म्हण की!"

'भट्टी' हे गाणं आलं आणि तिने तसं म्हणणं सोडलं. या मुलांचे वडील काचेच्या कारखान्यात भट्टीवर होते. घरी यायचे ते पापण्या करपवून आणि फारसं बोलायचे नाहीत. मुलं शाळेत असतानाच ते गेले. धाकटा रडून रडून आजारी पडला, पण थोरल्याच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. ते सगळं वीस वर्षांनी या गाण्यात बाहेर पडलं. गाण्याच्या मध्यावर सगळी वाद्यं एकदम थांबतात आणि भोंगा एकच हाक मारतो, "बाबा!" ती हाक अकरा सेकंद चालते. पहिल्यांदा ती माझ्यातून गेली तेव्हा बाहेरचं मशीन बंद पडलं आणि बराच वेळ सुरू झालं नाही.

हेच गाणं बाहेर काढायचं ठरलं. स्टुडिओत माझं काही काम नव्हतं. तिथे एक गुळगुळीत, मिजासखोर माइक टांगलेला होता. मी भोंग्याच्या पिशवीत पडून ऐकत होतो आणि खोटं कशाला बोलू, जळत होतो. भोंग्याला ती हाक मनासारखी हवी होती. त्याने ती दिवसभर मारली. शेवटची जी निघाली ती ऐकून काचेपलीकडचा रेकॉर्डिंगवाला खुर्चीतून उठून उभा राहिला. भोंगा मात्र बाहेर आला तो घसा धरूनच.

डॉक्टरांनी आत दुर्बीण घालून पाहिलं. स्वरतंतूवर गाठ होती. छोटं ऑपरेशन झालं, त्याच दिवशी घरी सोडलं. "सहा आठवडे एक शब्द नाही," डॉक्टर म्हणाले. "कुजबुजसुद्धा नाही. यात हयगय झाली तर आवाज जाईल तो कायमचाच."

हे फक्त आईला ठाऊक होतं. बाकी कोणाला संशयही आला नाही, कारण भोंग्याची एक जुनी सवय होती. मोठ्या कार्यक्रमाआधी तो आठवडेच्या आठवडे मौन धरायचा आणि पाटीवर लिहून बोलायचा. सगळे त्याला म्हणायचे, "गळा राखतोय." आताही पाटी दिसली, तेव्हा सगळ्यांनी तेच मानलं. धाकट्याने तर पाटीवर एक दाढीवाला साधू काढून दिला.

धाकटा तेव्हा हवेत होता. त्याने व्हिडिओसाठी एक दिग्दर्शक गाठला होता आणि बंद पडलेला बर्फाचा कारखाना एका दिवसापुरता मिळवला होता. त्यानंतर तो कारखाना पाडणार होते. तो दिवस उजाडला तेव्हा ऑपरेशनला दोनच आठवडे झाले होते. आई म्हणाली, "मी सांगते त्याला." भोंग्याने भराभर पाटीवर लिहिलं, "नको. नुसतं तोंड हलवायचं. आवाज रेकॉर्डिंगचा." आईने शपथ घ्यायला लावली आणि त्याने घेतली.

व्हिडिओ कसा करतात ते मला त्या दिवशी कळलं. मोठ्या स्पीकरवर गाणं लावतात आणि सगळे त्यावर वाजवल्याचा आव आणतात. मला स्टँडवर बसवलं, वायरही लावली, पण तिचं दुसरं टोक गालिच्याखाली चिकटपट्टीने डांबलं होतं. ते कुठेच जात नव्हतं. मला आधी गंमत वाटली. म्हटलं, आज बिनकामाची सुट्टी, आणि वर कॅमेऱ्यात चेहरा.

पहिल्या वेळी भोंग्याने नुसतं तोंड उघडलं. दुसऱ्या वेळीही. दिग्दर्शक छोट्या पडद्याकडे बघून वैतागला.

"नाही चालणार. तोंड ओरडतंय, पण मान झोपलीये. शिरा दिसत नाहीत. बघणाऱ्याला लगेच कळतं."

भोंग्याने तिसऱ्या वेळी मान ताणून पाहिली. दिग्दर्शक हसला. "अहो, हे जांभई दिल्यासारखं दिसतंय."

मग धाकटा गिटार गळ्यात तशीच ठेवून जवळ आला. हळू आवाजात म्हणाला, "दादा, खरंच ओरड ना रे. ऐकणार कोण आहे? स्पीकर एवढे मोठे आहेत." भोंग्याने मान हलवली. नाही. "असं काय करतोस! परत नाही मिळणार ही जागा. बाबांसाठी ओरड."

भोंग्याने त्याच्याकडे पाहिलं. मग मला दोन्ही हातांनी धरलं.

गाणं सुरू झालं, वाद्यं थांबली आणि तो ओरडला. स्पीकरमधून त्याचीच जुनी, धडधाकट हाक त्या रिकाम्या कारखान्यात घुमत होती. तिच्याखाली खरी हाक कोणालाच ऐकू गेली नाही. ऐकली ती मी एकट्याने. सातव्या सेकंदाला आत काहीतरी फाटलं. आई जुनं कापड टरकावते ना, तसा आवाज झाला आणि त्यापुढे नुसती हवा आली. माझ्या जाळीवर रक्ताचा एक बारीक थेंब उडाला.

मी काय करणार होतो? जन्मभर एकच काम केलं, आत आलेलं पुढे पाठवायचं. त्या दिवशी जे पाठवायलाच हवं होतं ते माझ्यापाशी आलं आणि माझी वायर गालिच्याखाली संपत होती. मी जिवाच्या आकांताने बोंबललो असेन, पण माइकची बोंब कोणाला कळते?

भोंग्याने शर्टाच्या टोकाने मला पुसलं. नेहमीसारखंच. मग आणखी चार वेळा गाणं लागलं आणि चारही वेळा तो उभा राहिला. त्याच्याकडून आता काहीच येत नव्हतं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मानेच्या शिरा दोरखंडासारख्या तटतटल्या होत्या. दिग्दर्शक टाळ्या वाजवत ओरडला, "हाच! हाच टेक!" धाकट्याने भावाला कडकडून मिठी मारली.

व्हिडिओ आला आणि बघणाऱ्यांचा आकडा रोज फुगत गेला. लोक लिहायचे, काय आवाज आहे हो या माणसाचा! भोंगा वाचायचा आणि पाटी पुसत बसायचा. विश्रांतीने होईल बरं, अशी त्याची वेडी आशा होती. महिना गेला, मोठ्या कार्यक्रमाचं बोलावणं आलं आणि सगळे सरावाला जमले. या वेळी माझी वायर जिथे जायला हवी तिथेच गेली होती.

त्याने तोंड उघडलं. स्पीकरमधून पत्र्यावर वाळू ओतल्यासारखी खरखर आली.

"माइक गेलाय बहुतेक," धाकटा म्हणाला. त्याने वायर बदलली. बटणं फिरवली. मला दोनदा तळहातावर आपटलं. मनात म्हटलं, आपट बाबा, मीच बिघडलोय असं ठरू दे, मला भंगारात फेक, पण तेवढ्यावरच हे सुटू दे. त्याने मला बाजूला ठेवून बेसवाल्याचा नवाकोरा माइक लावला. त्यातूनही तीच वाळू.

दारात आई उभी होती. तिने ऑपरेशनचं सगळं सांगितलं. धाकटा मटकन खाली बसला. "मीच सांगितलं ना तुला ओरडायला?" एवढंच तो परत परत म्हणत राहिला. त्या दिवसापासून गिटार कपाटावर पडून आहे.

आता मी आईच्या शिलाई मशीनशेजारी असतो. मला एक छोटा स्पीकर जोडलाय, कारण भोंग्याची कुजबुज मशीनच्या खडखडाटात पोचत नाही. मी लागलो की धाकटा उठून बाहेर जायचा. मागच्या आठवड्यात भोंग्याने त्याचं मनगट धरून त्याला माझ्यासमोर बसवलं आणि ओठ जाळीला टेकवून म्हणाला, "तू सांगितलं नसतंस तरी मी ओरडलोच असतो."

धाकटा ढसाढसा रडला. मीही आतून हललो. इतकी वर्षं या माणसाचा राग, प्रेम, दुःख सगळं माझ्यातून गेलं, पण खोटं पहिल्यांदाच गेलं. आणि मी ते स्वच्छ, मोठ्या आवाजात पुढे पाठवलं.

तुमच्याकडे एकच मागणं आहे. कधी तुमच्यासमोर 'भट्टी'चा व्हिडिओ लागला आणि वाद्यं थांबली, की आवाज पूर्ण बंद करा आणि त्याच्या मानेकडे बघा. तो आपल्या बापाला हाक मारत असेल. तुम्हाला काहीच ऐकू येणार नाही. त्या टेकला मलाही आलं नव्हतं.