श्रावणातल्या शिंपल्या

मित्रांनो, मी सानपाड्यातली एक जुनी काचेची पेटी आहे. आज माझ्यात कांदे ठेवतात. हसू नका. १९९६ साली माझ्यात मासे पोहायचे आणि पाहुणे हातातला चहा विसरून माझ्याकडे बघत बसायचे.

कॉलेजात जाणाऱ्या सुचिताने मला वाशीच्या काचवाल्याकडून बनवून आणलं आणि माझ्यात काळे मोली सोडले. हे मासे अंडी घालत नाहीत, थेट पिल्लांनाच जन्म देतात. पण त्यांना जड, चुन्याचा अंश असलेलं पाणी लागतं, आणि आमच्या नळाचं पाणी पडलं हलकं. म्हणून सुचिताची आई शेवंताबाई तिसऱ्यांचं कालवण झालं की रिकाम्या शिंपल्या उकळून, घासून माझ्या तळाशी पसरायची. त्या हळूहळू विरघळत आणि पाणी माशांना मानवत असे. त्या उष्ट्या शिंपल्यांचा मला फार अभिमान होता.

एका मादीचं पोट फुगलं. मायलेकी तिला पोटुशीच म्हणू लागल्या. मागच्या खेपेची पिल्लं मोठ्या माशांनी गिळली होती, म्हणून सुचिताने पिल्लांना लपायला दाट शेवाळ आणून ठेवलं. या वेळी एक तरी जगलं पाहिजे, एवढाच तिचा ध्यास.

श्रावण लागला. सुचिता काही दिवस मामाकडे गेली होती. शेवंताबाईने मला घासूनपुसून लख्ख केलं, नळाचं ताजं पाणी भरलं. सुचिता परतली तेव्हा पोटुशी पंख आवळून जागच्या जागी थरथरत होती.

“आई, शिंपल्या कुठे गेल्या?”

“टाकल्या. सरावन हाय, बाय. घरान मावऱ्याचा काय नको.”

“मग हे मासे मावरं नाहीत का?”

“ती तं पोरां हायेत आपली.”

“अगं, पाण्यातला चुनाच गेला ना,” म्हणत सुचिता रडवेली होऊन कचराकुंडीकडे धावली.

 शेवंताबाईने कमरेची डबी काढली आणि पानाला लावायचा सगळा चुना बोटाने निपटून माझ्यात कालवला. मला वाचा असती तर मी तिला हात आवरायला सांगितलं असतं. शिंपली महिनाभरात देते ते तिने एका दमात दिलं. सुचिता ओंजळभर शिंपल्या घेऊन आली, तोवर बाकीच्या माशांबरोबर पोटुशीही वर तरंगत होती. पोट तसंच भरलेलं होतं.

“मना वाटला...” एवढंच म्हणून शेवंताबाई खाली बसली.  सुचिताने पुन्हा मासे आणले नाहीत. शेवंताबाईने पान सोडलं.

मित्रांनो, माया कितीही असो, मुक्या जिवाचं पाणी बदलताना आधी विचारा आणि घाई करू नका.

शेवंताबाई अजूनही तिसऱ्या केल्या की शिंपल्या उकळते, घासते, माझ्या तळाशी पसरते आणि वर कांदे ठेवते. श्रावण आला तरी ती त्या काढत नाही.