उपाशी वजनाचा भाव

सोनगीरजवळच्या कौतिक आबांच्या मळ्यात मेंढीचं कोकरू आजवर नजरेनंच विकलं गेलं होतं. व्यापारी नवलनाना यायचे, कोकराच्या कण्यावर अंगठा दाबायचे, मनातल्या मनात वजन धरायचे आणि नगाचा भाव सांगायचे. दहावीतल्या मोनालीला हे काही पटेना. महिनाभर तिनं बापाचं डोकं खाल्लं. शेवटी आबा म्हणाले, "एक डाव काट्यावर देऊ. कमी आलं, तर पुन्हा बाजाराच्या गोष्टीत तोंड घालायचं नाही."

मोनालीनं शेजारून ताणकाटा आणून निंबाच्या फांदीला टांगला. कोकरांनी वजनाच्या झोळीत घाण करू नये म्हणून आदल्या दुपारपासूनच त्यांना वाड्यात कोंडलं. चारा नाही, पाणी नाही. आपल्याला किती पुढचं सुचतं, याची तिला भारी ऐट होती.

सकाळी नवलनाना टेम्पो घेऊन आले. सवयीनं पहिल्या कोकरावर अंगठा फिरवून म्हणाले, "वीस किलो शे. आठ हजार."

"आज काट्यावर," मोनाली म्हणाली.

गोणपाटाच्या झोळीत कोकरू टांगलं. काटा अठरावर थांबला.

नवलनाना गालात हसले. "कौतिकभाऊ, तुन्ही पोर गह्यरी हुशार शे. चारशे रुपये किलोनं मले काटाच परवडी."

आबा सदऱ्याची बाही दुमडत राहिले. मोनालीचे कान तापले. मग तिला कोकराची खपाटीला गेलेली कूस दिसली.

"नाना, ही कालपासून उपाशी आहेत. चरून आल्यावर मोजू."

"मंग पोटमाना चारा बी मीच इकत लेऊ का? धुळ्याला पोचेपर्यंत तो बठ्ठा टेम्पोत सांडतो. बाजारात मला रिकाम्या पोटाचंच वजन मिळतं."

हे खरंच होतं.

"म्हणजे दर वर्षी कोकरामागे तुमची दोन किलोंची घट होते," ती सावकाश म्हणाली. "आज ती होणार नाही. मग भावही उपाशी वजनाचा द्या. चारशे पन्नास."

"चारशे तीस."

"आबा, सोडा कोकरं चरायला. नाना दुपारपर्यंत थांबतील. आई त्यांच्यापुरती भाकर टाकेल."

नवलनानांनी टेम्पोकडं पाहिलं. बाजार दुपारच्या आतच उठायचा. "तुमच्या घरची भाकर मला महाग पडेल, माय. चारशे पंचेचाळीस. आता बोलू नको."

मोनालीनं मनात गुणाकार केला: अठरा किलोचे आठ हजार दहा. आबांनी दुसरं कोकरू उचलून झोळीत ठेवलं आणि काट्यासमोरून बाजूला झाले.

"वाच, किती भरतं," ते तिला म्हणाले.