पोटाचा भरवसा

रघुवीररावांनी ताटातली सुक्या कोलंबीची, सोड्याची खिचडी बाजूला सारली आणि कोरडी भाकरी पुढे ओढली.

"अहो, घासभर तरी घ्या. मुद्दाम वसईचे सोडे मागवलेत."

"नको. आमटी वाढ. वरवरची, पाणचट."

सरोजिनीची पळी आमटीत तशीच राहिली. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात बिरड्यात गूळ कमी पडल्याचं सासूबाईंना ऐकू जाईल अशा आवाजात सांगणारा हा माणूस आज पाणचट आमटी मागत होता.

शिवरात्रीला त्यांनी उपास धरला आणि जणू तो सोडलाच नाही. आधी साखर गेली, मग सकाळचा चहा, मग मासळी. पहाटे उठून गॅलरीत सूर्यनमस्कार घालायचे, मग शिवाजी पार्कला फेऱ्या मारून तिथून माहीमपर्यंत चालत जाऊन यायचं. फोर्टातल्या आगबोट कंपनीतला हा हेडक्लार्क ऑफिसातून आला की आरामखुर्ची सोडत नसे. आता त्याच्या अंगावरचे सदरे ढिले व्हायला लागले होते. आणि आठवडाभर तर ते गादी सोडून चटईवर, उशीशिवाय निजत होते.

"डॉक्टर काही बोलले का?" तिने विचारलं.

"डॉक्टर कशाला हवा? चाळिशी उलटली की माणसानं शरीराला वळण लावावं."

वर न बघताच ते बोलले. थोरले भावजी, गंगाधरराव, असंच बोलायचे. त्यांचंही आधी गोड सुटलं, मग भात सुटला. 'तब्येतीला जपतोय' म्हणता म्हणता मधुमेहाने पाय गेला आणि गेल्या दिवाळीत तेही गेले. पाय जाईपर्यंत घरातल्या कुणाला त्यांनी आजार कळू दिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी ते ऑफिसला गेल्यावर तिने पायात चपला सरकवल्या आणि गोखले रोडवरचा डॉक्टरांचा दवाखाना गाठला.

"रघुवीरराव? वर्षभरात फिरकले नाहीत माझ्याकडे," डॉक्टर म्हणाले. "गोड सोडलं, चालायला लागले, मग उत्तमच की! तुम्हीही सुरू करा."

"दुसऱ्या कुणाकडे जात असतील का हो?"

"बाई, आजारी माणूस रोज माहीमपर्यंत चालत जाऊन येत नाही."

पायऱ्या उतरताना तिच्या जिवात जीव आला, पण रस्त्यावर येईपर्यंत पुन्हा धाकधूक सुरू झाली. आजार नाही, तर मग काय? शेजारच्या कमलाबाई परवाच हसत हसत म्हणाल्या होत्या, "या वयात पुरुष अंग कमवायला लागला, की बायकोनं डोळे उघडे ठेवावेत हो." तेव्हा तीही हसली होती.

शनिवारी पहाटे ते जिना उतरले, तशी डोक्यावरून पदर घेऊन ती मागोमाग निघाली. जानेवारीतल्या गोळीबारापासून कोपऱ्यावर उभी राहिलेली पोलिसांची गाडी अजून हलली नव्हती. गाडीसमोरून जाताना तिने पदर आणखी पुढे ओढला. पार्कात रघुवीररावांबरोबर दुसरं कुणीतरी झपाझप चालत होतं. उजाडू लागलं तेव्हा तिने ओळखलं, ते शाळेतले गुरुदत्त मास्तर होते. मुंबई महाराष्ट्रात हवी म्हणून लढणाऱ्या समितीच्या सभेला सतरंज्या घालण्यापासून घोषणा देण्यापर्यंत सगळीकडे तेच असत.

मास्तरांनीच तिला आधी पाहिलं.

"अरे, वहिनी! बरं झालं आलात. सांगा यांना, पहिले चार दिवसच अवघड असतात. एकदा तिथली भाकरी पोटाला मानवली, की मग दिवस जातात."

"कुठली भाकरी?"

मास्तरांनी रघुवीररावांकडे पाहिलं. "मी होतो पुढे," म्हणून ते निघून गेले.

रघुवीररावांनी कपाळावरचा घाम पुसला.

"पाडव्यानंतर समितीची तुकडी सत्याग्रहाला जायचीय. मी नाव दिलंय."

ती बाकावर बसली.

"त्यासाठी हे सगळं?"

"आमच्या ऑफिसातला हेरंब मागच्या तुकडीत गेला होता. अगदी घोषणा देत गेला. तुरुंगातल्या अन्नानं हगवण लागली, अंथरुणाला खिळला, आणि शेवटी माफी लिहून देऊन घरी आला. आता कुणाच्या नजरेला नजर देत नाही." ते थोडे थांबले. "मन नाही डगमगायचं माझं, सरू. पोटाचा भरवसा नाही. आधी आईनं लाडावलं, मग तू."

"नोकरीचं काय?"

"राहिली तर राहिली."

"आणि मला सांगावंसं नाही वाटलं? मी इथे भावजींचं आठवून आठवून..." ती बाकावरून उठली.

"तू नको म्हणाली असतीस, तर मी थांबलो असतो. म्हणून नाही सांगितलं."

दोघं परत निघाली. एरवी पुढे पुढे चालणारे ते आज तिच्या पावलाने चालत होते.

दुपारी ती नायगावला हेरंबच्या घरी गेली. त्याच्या बायकोने, सुभद्राने, दार अर्धंच उघडलं.

"हे झोपलेत. कुणाला भेटत नाहीत."

"मला तुमच्याकडेच काम होतं. तिथली भाकरी कशी असते, ते काही बोलले असतील ना? यांना जायचंय."

 सुभद्रा बाहेर आली आणि तिने दार मागे ओढून घेतलं.

"जाड असते," ती हळू आवाजात म्हणाली. "मधे कच्ची. आमटीत डाळ शोधावी लागते. आणि वहिनी, पिठात खडे असतात. दात सांभाळायला सांगा."

संध्याकाळी रघुवीरराव पाटावर बसले. पहिला तुकडा मोडताच त्यांचा हात थांबला.

"कच्ची राहिलीय गं."

"राहिली नाही," सरोजिनी शेगडीकडे तोंड करून म्हणाली. "ठेवलीय."

 मागून घास चावल्याचा आवाज आला. सावकाश, एकसारखा.

तिने दुसरी भाकरी थापली, पहिल्याहून जाड, आणि तव्यावर टाकली. कडा सुटून ती फुगायला लागली, तसा तिचा हात सवयीने ती निखाऱ्यावर शेकायला पुढे झाला. मग तिने ती तशीच, मधे कच्ची, खाली उतरवली.