पालक भेट, रोज सकाळी दहा ते बारा

मी छावणीतल्या जुन्या दगडी चर्चचा शेवटचा बाक बोलतोय. शेवटचा म्हणजे आधी शेवटच्या रांगेतला आणि आता उरलेला एकटाच. इतकी वर्षं मी नुसतं ऐकत आलो, तेव्हा आज पाच मिनिटं तुम्ही ऐका.

सागवानी लाकूड, जाड पाट. मिस्त्रीनं मला मोठ्या माणसांच्या मापानं घडवलं. उशिरा येणारे आणि लवकर जाणारे सगळे माझ्याच वाट्याला आले. प्रवचनात कोण डुलक्या घेतं, हे माझ्याइतकं कुणालाच माहीत नाही.

माझ्या डाव्या टोकाला रत्नमालाबाई बसायच्या. चर्चच्या मागच्या खोलीत त्यांनी तेवीस वर्षं बालवाडी चालवली. छप्पर गळायला लागलं तशी ती बंद झाली. "दुरुस्ती झाली की पुन्हा सुरू करू," असं कमिटीनं सांगितलं आणि बाईंनी ते खरं मानलं. दुरुस्तीला बारा वर्षं लागली.

गेल्या वर्षी एकदाचं नूतनीकरण निघालं. कमिटीचे सेक्रेटरी राजेंद्र यांनी 'समाजोपयोगी बहुउद्देशीय सभागृह' असे शब्द आणले आणि ते सगळ्यांना फार आवडले.

"समाजोपयोगी म्हंजे नेमकं कुणाच्या उपयोगी?" बाईंनी विचारलं. तो प्रश्न पुढच्या मीटिंगवर गेला, तिथून त्याच्या पुढच्या. तिसऱ्या मीटिंगला मात्र एक निर्णय झटपट झाला. जुने बाक भंगारात काढायचे. तो ठराव पास करताना चार सदस्य माझ्यावरच बसले होते.

छप्पर नवं झालं, गादीच्या खुर्च्या आल्या. उद्घाटनाला मोठा पाहुणा मिळेना, म्हणून खुर्च्यांवरचं प्लॅस्टिक निघालं नाही आणि सभागृहाचं कुलूपही. माझे भाऊबंद टेम्पोत गेले. टेम्पो भरला म्हणून मी व्हरांड्यात राहिलो, पुढच्या खेपेची वाट बघत.

मग फाटकावर बोर्ड लागला. आमच्यात धर्मगुरूला पाळक म्हणतात. राजेंद्रनी मजकूर मोबाइलवर इंग्रजी अक्षरांत टाइप केला, मोबाइलनं त्याचं आपल्या अकलेनं मराठी केलं, आणि बोर्डावर छापून आलं, 'पालक भेट, रोज सकाळी १० ते १२'. कमिटीतल्या सात जणांनी तो मजकूर तपासला होता.

दुसऱ्याच दिवशी आशाबाई लेकराला कडेवर घेऊन आली. ती जवळच्या बंगल्यांत धुणीभांडी करते.

"इथं बालवाडी निघाली व्हय? नाव कुठं घालायचं?"

आमचे रेव्हरंड मोतीराम बाहेर आले. "बाई, मी पाळक आहे."

"मी बी पालकच हाय की. हे बघा लेकरू."

सभागृहाला कुलूप, म्हणून रेव्हरंडांनी तिला माझ्यावर बसवलं. बोर्ड वाचून आणखी आया आल्या आणि शनिवारपर्यंत माझ्यावर जागा उरली नाही. तेव्हा त्यांनी रत्नमालाबाईंना बोलावणं धाडलं. बाई वही घेऊन आल्या, डाव्या टोकाला बसल्या आणि कुणाला न विचारता नावं लिहायला लागल्या. मला त्या दिवशी फार बरं वाटलं.

कमिटी धावत आली. "बोर्ड चुकलाय, बदलावा लागंल," राजेंद्र म्हणाले.

"तीन मीटिंगा मी विचारलं, कुणाच्या उपयोगी," बाई म्हणाल्या. "तुम्हाला नाय सांगता आलं, बोर्डानं सांगितलं. आता त्याला कशाला हात लावता?"

कुलूप निघालं. प्लॅस्टिकही निघालं, ते लेकरांनी काढलं.

माझंही नूतनीकरण झालं. लेकरांचे पाय लोंबकळतात म्हणून रामकिसन सुतारानं माझे चारही पाय वीतभर कापले. मला राग आला, खोटं कशाला बोलू? सागवानाला काही मान असतो. कापलेल्या चार तुकड्यांची आता मुलं आगगाडी करतात.

बोर्डाचा विषय अजून पुढच्या मीटिंगवर आहे. कमिटीच्या दिरंगाईसाठी मी रोज प्रार्थना करतो. तुमच्यापैकी कुणी सदस्य असेल तर एवढंच मागणं आहे, ती मीटिंग माझ्यावर बसून घ्या. गुडघे हनुवटीला लागले की कुणी ठरावापर्यंत टिकत नाही.

बाई मात्र रोज बसतात. बारा वाजले की त्यांना गुडघ्यांमुळं उठता येत नाही, आणि सगळी लेकरं हात धरून ओढायला धावतात. त्या वेळी बाई मुद्दाम थोड्या जड होऊन बसतात, हे फक्त मलाच माहीत आहे.