चुलीला लागलेला उंदीर

आई गेल्यापासून रुचिका धानोऱ्याच्या घरातल्या चुलीची माती खात होती. रक्तात लोह कमी झालं की अशी इच्छा होते, हा आजार आहे, असं गावातल्या बायकांना तिनेच समजावलं होतं. आता ओढणीआड खडा चघळताना तिला स्वतःचंच व्याख्यान आठवे.

चूल पोतारायला आलेल्या शेजारच्या दगूबाई काकूंनी मागचा कुरतडलेला कोपरा पाहिला. "उंदीर शिकेल दिखस. कोनले दिसाव नही अशा जागावर खास."

शिकलेला उंदीर, कोणाला दिसणार नाही अशा जागी खाणारा: टोमणा ओळखून रुचिकाने ओढणी तोंडावर ओढली.

"तुन्ही मायना हातना चुल्हा शे, पोरी. सरी गया ते मंग काय खाशी?"

आईच्या हातची चूल संपली तर मग काय खाणार, हा हिशेब एवढं वाचलेल्या रुचिकाने कधी केला नव्हता. तिने तोंडातला खडा काढला. तो ओला होताच. जागेवर दाबून बसवला आणि लोहाच्या गोळ्या आणायला निघाली.