दोन्ही कान

पाद्रीबाबाला मारायचं ठरलं, त्या बैठकीत एरास्तुसनेही हात वर केला होता. पाद्रीबाबा म्हणजे काळा गेंडा. वय झालेलं, पिल्लं होण्याचे दिवस सरलेले, पण मस्ती शाबूत. दोन वर्षांत त्याने एक तरुण नर आणि एक पिल्लू धडका देऊन मारलं होतं. तो गेला तर बाकीचे वाढतील, परवान्यासाठी शिकारी मोजेल त्या पैशावर राखणदारांची गस्त चालेल. एरास्तुसला हे सगळं पटलं. त्या दिवशी मक्याचा घाटा मात्र घशाखाली उतरला नाही.

नामिबियाच्या त्या लाल दगडांच्या मुलखात एरास्तुस उईराब बावीस वर्षं गेंड्यांचा माग काढत होता. गेंडा शोधायचा, त्याच्या कानांना सरकारने पाडलेल्या खाचा बघायच्या आणि कार्डावर छापलेल्या गेंड्याच्या कानांवर त्या काढायच्या. दोन्ही कान दिसल्याशिवाय नोंद नाही. एकच कान दिसला तर सरकारच्या लेखी अर्धासुद्धा गेंडा दिसलेला नसतो. म्हणून एरास्तुस झुडपाआड बसून हळूच खोकायचा. पाद्रीबाबा वळायचा, कान टवकारायचा. खाचा टिपून झाल्या की एरास्तुस आपल्या वाटेने, गेंडा आपल्या.

नाव त्यानेच ठेवलेलं. बायको वारली तेव्हा वर्षभर त्याने आपलं रडगाणं या गेंड्यालाच ऐकवलं. गावातल्या पाद्र्यापेक्षा हा बरा, मध्येच देवाला आणत नसे.

मागे चोरांनी मारू नये म्हणून याचं शिंग कापलं होतं. शिकारीचं ठरल्यावर ते पुन्हा वाढू दिलं. बिनशिंगाचं मुंडकं भिंतीवर लावलं तर पाहुणे विचारणार, ही कुणाची म्हैस?

शिकारी होता क्लेटनसाहेब, अमेरिकेतला गाद्यांचा कारखानदार. आल्या आल्या त्याने सगळ्यांना एकेक उशी वाटली. माणूस भला. गेंड्याचं नाव ऐकून त्याचे डोळे भरून आले, आणि त्याच डोळ्यांनी त्याने दुर्बीण साफ आहे का ते पाहिलं.

"एरास्तुसकाका, आज परवान्याचा शेवटचा दिवस," वनखात्याच्या हेन्द्रिनाबाई म्हणाल्या. "एरवी तुम्हाला डोळे मिटून सापडतो, आणि सहा दिवस झाले, पत्ता नाही?"

"म्हातारा झालाय, बाई."

"कोण, तो की तुम्ही?"

"दोघंही. माझा परवाना अजून कुणी काढला नाही एवढंच."

तिसऱ्या प्रहरी टेकाड उतरताना पाद्रीबाबा समोरच निघाला. दुधाळ निवडुंग चघळत आडवा उभा, उजवा कान फांदीआड. नजर अधू, वारा उलटा. त्याला यांचा पत्ताच नाही.

बाईंनी दुर्बीण लावली. "डावा जुळतोय. उजवा?"

"दिसत नाही," एरास्तुस म्हणाला.

"काका, तोच आहे ना?"

"एका कानावर कसं सांगू? तुमचाच नियम."

बाई चडफडल्या. क्लेटनसाहेब बंदूक रोखून उशीवर पालथा पडला. सूर्य डोंगराला टेकला की परवाना रद्द, आणि सूर्य दोन हातांवर होता. सगळे थांबले. पाद्रीबाबा खात होता. सूर्य एका हातावर आला.

मग निवडुंगाची ती फांदी संपली. पाद्रीबाबाने पुढच्या फांदीसाठी एक पाय उचलला. अजून दोन पावलं, की कान उघडा पडणार. एरास्तुसला कळलं: याला पळवायलाच हवं. ओरडावं तर नोकरी जाईल; खोकल्यावर कोण काय म्हणणार? त्याने छाती भरून घेतली आणि नेहमीसारखा हळू नाही, तर गेंडा दचकून पळावा असा पोटातून खोकला.

पाद्रीबाबा पळाला नाही. बावीस वर्षांत त्या खोकल्याला तो कधीच पळाला नव्हता. तो सावकाश वळला, तोंड समोर केलं, दोन्ही कान ताठ उभारले आणि नोंद होईपर्यंत थांबावं तसा थांबला.

"तोच," हेन्द्रिनाबाई म्हणाल्या.

गोळी एकच लागली.

"काय कसब आहे हो तुमचं!" क्लेटनसाहेब रडत रडत एरास्तुसच्या गळ्यात पडला. "हाक मारून उभं केलंत त्याला!" आणि त्याने स्वतःची उशीही एरास्तुसच्या काखेत दिली.

कार्ड भरायचं राहिलं होतं. एरास्तुसने खाली बसून डाव्या कानाच्या खाचा काढल्या, उजव्याच्या काढल्या. शेवटचा रकाना होता: माणसाची चाहूल लागल्यावर प्राणी काय करतो? पळतो, अंगावर येतो, उभा राहतो.

'उभा राहतो'वर त्याने खूण केली. घशात खरा खोकला दाटून आला होता. तो त्याने उशीत तोंड खुपसून दाबला.