दहापैकी तीन

दार उघडल्याबरोबर मांजरांच्या मुताचा असा भपकारा आला की लोर्नाने नाकाला रुमालच लावला. शी! आणि असल्या खुराड्यासाठी बाहेर रांग लागलेली. रविवारची दुपार, ओहायोतलं ते नीटनेटकं गाव, आणि माणसं बूट काढून, एकमेकांना कोपरं मारत घरात घुसत होती, जशी काही फुकटची पंगत उठायच्या आत पान धरायचं आहे. तळघराच्या भिंतींवर बुरशी, न्हाणीघराची फरशी फुगलेली. तरी एक बाई म्हणत होती, "अय्या, काय सुंदर उजेड येतो!" कसला डोंबलाचा उजेड!

आदल्याच दिवशी तिने नि नवऱ्याने लिंडन रस्त्यावरचं घर पाहिलं होतं. रुंद ओसरी, स्वयंपाकघरात सकाळचं ऊन, मागे नासपतीचं झाड. त्यांची सहा वर्षांची लेक टेस तिथून हलायलाच तयार नव्हती. किंमतही कमी. त्या घरात खोट एकच. इथे घर ज्या शाळेच्या हद्दीत, पोराला शाळा तीच; आणि ते घर हद्दीच्या पलीकडे होतं, लोर्ना जिथे तिसरीला शिकवायची त्या शाळेच्या वाट्याला.

"घराला काय, रंग मारला की झालं," नवरा कर्टिस तिच्या कानाशी पुटपुटला. "शाळेला मारता येतो का?"

"माझ्या शाळेला काय धाड भरलीय?"

"तू छानच शिकवतेस गं. प्रश्न तुझा नाहीये."

मग कोणाचा? लोर्नाला पक्कं ठाऊक होतं आणि त्यालाही. तिच्या वर्गातली बहुतेक पोरं काळी होती. पण तेवढं तोंडाने बोलायचं नाही, ही इथली सभ्यता! घराची दलालीण बेव्ह तर त्याहून सभ्य. "अमकी शाळा चांगली, तमकी वाईट, असं बोलायची आम्हाला कायद्याने बंदी आहे हो," ती म्हणाली आणि तिने डोळा मारला. "पण तुमच्याकडे फोन आहेत ना?" सगळ्यांनी पटापट फोन काढले. शाळांना गुण देणारं संकेतस्थळ उघडलं: इथली शाळा दहापैकी नऊ. पलीकडची तीन.

"तीन?" ती उजेडवाली बाई फिसकन हसली. "तिथे कोण पोरं घालतं?" मग लोर्नाकडे वळून गोड आवाजात, "तुम्ही काय करता?"

"मी त्याच शाळेत शिकवते."

बाईने तिचा हातच धरला. "अगं बाई! धन्य आहे तुमची! कोणीतरी करायलाच हवं ना ते. आणि तुमची मुलगी?"

"म्हणून तर इथे आलोय," लोर्ना बोलून गेली.

आजूबाजूच्यांनी समजूतदारपणे माना डोलावल्या. झाली, ती त्यांच्यातलीच झाली. मांजरांच्या घाणीपेक्षा तिला स्वतःचीच जास्त किळस आली. पण किळस येऊन काय उपयोग? संध्याकाळी कर्टिसने बोली लावली तेव्हा तिने मुकाट्याने सही केलीच की.

सोमवारी शाळा सुटल्यावर रेनेटा बॉयकिन वर्गात आली. तिचा मुलगा टेव्हियन म्हणजे लोर्नाच्या वर्गाचा जीव. एकटा वाचायला लागला की बाकीची पोरं ईर्ष्येने पुस्तकं उघडायची.

"बाई, एक खरंखरं सांगा," रेनेटा म्हणाली. "माझी बहीण हद्दीपलीकडे राहते. तिच्या तळघरातली खोली देते म्हणते. आज हो-नाही सांगायचंय, नाहीतर दुसरा भाडेकरू उभाच आहे. अंधारी आहे मेली, पण पोराला तिकडची शाळा मिळेल. काय करू?"

लोर्ना टेबलावरच्या वह्या सारख्या करू लागली. टेव्हियन गेला तर आपला वर्ग बसला, हा विचार तिच्या मनात आधी आला. हो, आधी तोच आला.

"तुम्ही पालकसभेत म्हणाला होतात, तुमची लेक इथेच येणार," रेनेटा पुढे म्हणाली. "येतेय ना?"

"हो तर," लोर्ना म्हणाली. "इथेच येणार."

रेनेटाचा चेहरा सैल पडला. तिने तिथेच बहिणीला फोन लावला. "नको गं बाई तुझी खोली. इथल्या बाई स्वतःची पोर इथे घालतायत, त्या काय वेड्या आहेत? दे जा त्या माणसाला."

थांब म्हणायचं होतं. एवढंच. लोर्नाच्या तोंडून ते निघालं नाही, आणि निघालं नाही म्हणण्यापेक्षा तिने काढलं नाही म्हणावं. रेनेटाने तिला मिठी मारली. "तुमच्यासारख्या बाई मिळायला नशीब लागतं हो," म्हणाली आणि बाहेर थांबलेल्या पोराला घेऊन निघाली.

तेवढ्यात कर्टिसचा निरोप आला. "मिळालं! घर आपलं झालं! टेस सुटली!"

रेनेटा अजून फाटकाशीच होती. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. लोर्नाने खिडकी लावून घेतली आणि नवऱ्याला लिहिलं, "छान झालं."